मग पाणी तांबडं का?

मामेभावाने तालुक्याहून आणलेला अहवाल मामीने खिडकीपाशी नेऊन वाचला. सामू, कठीणपणा, एकूण क्षार, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड. प्रत्येकापुढे एक आकडा, त्याच्यापुढे मर्यादा, आणि तळाशी शिक्क्याच्या वर एक ओळ: तपासलेल्या घटकांपुरता नमुना मर्यादेत आहे. तिने सावकाश सगळं वाचून काढलं आणि कागद माझ्या हातात देत म्हणाली, "सगळं बरोबर हाय म्हणतेत. मग पाणी तांबडं का?" परसात दोरीवर वाळत घातलेला टॉवेल एके काळी पांढरा होता. विहिरीच्या पाण्यात धुऊन धुऊन आता त्याला फिक्या चहाचा रंग चढला होता. मामाने आणि भावाने माझ्याकडे पाहिलं. घरात पाण्याचं शिकलेली मीच, त्यामुळे उत्तर माझ्याकडे असणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मला मात्र तेव्हा एवढंच सांगता आलं की रंग कशाचा आहे हे त्या कागदाला कुणी विचारलेलंच नाही.

पुण्याला परतताना, आणि नंतरही कितीतरी दिवस, तो प्रश्न डोक्यातून जाईना.

मामाचं गाव नीरेच्या उजव्या कालव्याखालचं. लहानपणी सुट्टीत गेलं की गाडीतून उतरल्या उतरल्या दोन वास यायचे: उसाच्या पाचटाचा आणि पाटाच्या ओल्या मातीचा. गळीत हंगामात वारा फिरला की तिसरा वास यायचा, करपलेल्या गुळासारखा पण आंबूस, घशाशी बसणारा. "कारखाना चालू झाला" एवढंच तेव्हा आम्ही म्हणायचो. त्या वासाला पैशाचा, बिलाच्या हप्त्याचा, लग्नाच्या तारखांचा संदर्भ होता, म्हणून तो कुणाला वाईट वाटत नसे. या पट्ट्यात उसाचे प्रश्न अभ्यासायला १९३२ साली पाडेगावला संशोधन केंद्र निघालं, म्हणजे इथली जमीन आणि पाणी यांचं दुखणं जुनं आहे. कालवा आला, पाणी वारेमाप मिळू लागलं, निचरा मात्र झाला नाही. खालच्या अंगाच्या जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक झाल्या, वर क्षाराची पांढरी फुटली. त्यामुळे इथल्या माणसाला क्षार नवा नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ऊस पिवळा पडतो, सगळं तो एका शब्दात बसवतो. विहिरीचं पाणी रंग बदलू लागलं तेव्हाही गावाने तोच शब्द वापरला. क्षार वाढलाय.

पण क्षाराला रंग नसतो.

शेतजमिनीत किंवा तिच्याखालच्या पाण्यात नको ते मिसळलंय का, हे शोधायला निघालं की पहिल्यांदा हीच अडचण येते. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, न विचारलेल्याचं देत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. खताचा हिशोब करायला पत्रिका चांगली आहे आणि ती प्रत्येकाने काढावी असं मी आजही सांगते. पण शिसं, कॅडमियम, कीटकनाशकाचे अवशेष तिच्यावर नाहीत, कारण तो तिचा विषयच नाही. मामाच्या कपाटात ती पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेली आहे, आणि तिच्यावर "जमीन चांगली आहे" असं लिहिलंय अशी त्याची खात्री आहे. तिच्यावर तसं काही लिहिलेलं नाही. त्याचा हा विश्वास मोडताना मला वाईट वाटलं.

नमुना घेण्याची रीतही दोन्ही कामांत उलटी पडते. खतासाठी माती घेताना शेतात नागमोडी चालायचं, दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. बांध, झाडाची सावली, उकिरडा, विहिरीचा काठ या जागा टाळायच्या, कारण त्या शेताची सरासरी बिघडवतात. प्रदूषणाच्या शोधात मात्र नेमक्या ह्याच जागा हव्या असतात. तिथली माती वेगळ्या पिशवीत, वरची वेगळी, हातभर खोलची वेगळी, आणि एकमेकींत अजिबात मिसळायची नाही. एका कोपऱ्यातलं विष दहा चांगल्या कोपऱ्यांच्या मातीत कालवलं की आकडा मर्यादेत येतो आणि कोपरा तसाच राहतो. जस्त तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा असलेली पाटीसुद्धा चालत नाही. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती वाळवली की सगळी मेहनत फुकट. हे सगळं शिकवता येतं. कोपरा कोणता, हे शिकवता येत नाही. ते शेताच्या माणसांनाच विचारावं लागतं.

म्हणून अशा कामात सुरुवातीला टिकाव-खोरं लागतच नाही. ओट्यावर बसून विचारत राहायचं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या कुठे टाकत होता? डिझेल इंजिन कुठे होतं, तेल कुठे सांडायचं? जुनी विहीर बुजवली ती कशाने? गॅमेक्झिनची कीडमार पावडर कुठल्या खोलीत असायची? ऊस कुठे उगवतच नाही? कुठलं जनावर कुठलं पाणी तोंडाला लावत नाही? बायकांना वेगळं विचारायचं, कारण धुणं त्या धुतात, भाजी त्या निवडतात, आणि पाण्याचा वास पहिल्यांदा त्यांना कळतो. रंग बदलून किती काळ झाला, हे मामाला नक्की सांगता आलं नाही. मामीने धाकटीच्या बाळंतपणावरून सांगितलं, आणि ते बाकी सगळ्या खुणांशी जुळलं.

पुढचा धागा कागदात सापडला. मामाने दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेले जुने सातबाऱ्याचे उतारे मी चाळत होते. गाव नमुना बारा, पीकपाहणी. विहिरीच्या वरच्या अंगाचा तुकडा: ऊस, ऊस, खोडवा, गहू, ऊस. मग एकाएकी पड. पुढच्या साली पड, त्याच्याही पुढच्या साली पड. कालव्याखालची, पाण्यापासून हाकेच्या अंतरावरची काळी जमीन अशी सलग वर्षं पडीक कोण ठेवतं? मी मामाला विचारलं. मामा म्हणाला, "असंल काहीतरी. मजूर मिळंना तेव्हा." आणि उठून गोठ्यात गेला. मामी स्वयंपाकघरात होती, तिच्या भांड्यांचा आवाज थांबला.

उत्तर मिळालं ते त्यांच्या जुन्या वाटेकऱ्याकडून. वय झालेला माणूस, घरात सगळे त्याला तात्या म्हणतात. त्याच्याबरोबर मी तो तुकडा चालत गेले. मधोमध एक खोलगट जागा आहे, पूर्वी तिथून मुरूम काढत. तात्या तिथे थांबला आणि काठीने दाखवत म्हणाला, "हितं टँकर सोडायचं. उन्हाळ्यात. काळं पाणी, कढत असायचं, वाफा निघायच्या. फुकाट खत म्हणून सांगितलं होतं. तुझ्या आज्यानंच हो म्हटलं." मग थोडा थांबून, जणू आजोबांची बाजू सांभाळायला, "पहिल्या सालाला ऊस लई जोरात आला की."

तो खरं बोलत होता, दोन्ही बाबतींत. ते काळं पाणी मळीचं. साखर काढून उरलेल्या मळीपासून मद्यार्क काढला की एका लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी उरतं. गडद तपकिरी, आम्लधर्मी आणि सेंद्रिय पदार्थांनी इतकं भरलेलं की गावच्या गटाराच्या पाण्याशी त्याची तुलनाच होत नाही. सांडपाणी किती प्राणवायू ओढून घेईल याचं माप गटाराच्या पाण्यात लिटरला काही शे मिलिग्रॅम असतं, इथे ते ४०-५० हजारांच्या घरात जातं. त्यात पालाश भरपूर असतो. मोजून, पातळ करून, प्रक्रिया करून दिलं तर पिकाला फायदा होतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. म्हणून आजोबांना मी सरळ दोष देऊ शकत नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या, खताच्या उधारीने गांजलेल्या माणसाला कुणी दारात फुकट खत आणून सोडतो म्हटलं तर तो काय म्हणणार? राग येतो तो टँकर भरून पाठवणाऱ्यांचा. त्या पाण्यात काय आहे हे त्यांच्याकडे लिहिलेलं होतं, आणि ते मुरमाच्या खड्ड्यात सोडायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं.

काळ्या जमिनीचा स्वभाव इथे घात करतो. ओली असताना ती फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते, आणि तेव्हा तिच्याइतकी चांगली गाळणी नाही. पण टँकर यायचे गळिताच्या उत्तरार्धात, मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा हीच जमीन भेगाळलेली असते, मनगट जाईल एवढ्या भेगा. शिवाय खड्ड्यात तर वरची काळी काढलेलीच, थेट मुरूम उघडा. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे झिजलेला मऊ खडक, मग फटींचा काळा पाषाण. आपल्या दख्खनच्या दगडात पाणी सगळीकडे सारखं पसरत नाही, ते सांध्यांतून आणि फटींतून वाट काढतं. त्यामुळे खड्ड्याला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन शेतं पलीकडचा बोअर तांबडा, असंही होऊ शकतं. नकाशावर गोल काढून "एवढ्या अंतरात धोका" असं सांगणारी माणसं भेटली की मला त्यांना एकदा कोरड्या विहिरीत उतरवावंसं वाटतं. कडेच्या दगडातला एकच झरा ओला असतो, हातभर बाजूचा दगड ठक्क कोरडा. पाणी कुठून कुठे गेलं हे तिथे दिसतं.

रंगाचंही दोन तऱ्हांनी होऊ शकत होतं. सेंद्रिय पदार्थ जमिनीखाली कुजताना तिथला प्राणवायू संपवतात, मग मातीतलं, दगडातलं लोह आणि मंगल पाण्यात विरघळतं. ते पाणी वर आलं, हवा लागली की तांबूस होतं. किंवा मळीचाच तपकिरी रंग, जो जंतूंना सहजी मोडता येत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. मामीला मी काचेचा पेला भरून खिडकीत ठेवायला सांगितला. लोह असेल तर तळाशी गंजाचा गाळ बसतो आणि वरचं पाणी निवळतं. सकाळी तळाला बारीक तांबडी साय होती, पण वरचं पाणीही निवळलं नव्हतं, खिडकीच्या उजेडात ते पिवळसरच दिसत होतं. म्हणजे दोन्ही. मामी पेल्याकडे बराच वेळ पाहत होती. "आता निदान कळतंय तरी," म्हणाली. प्रयोगशाळेच्या कागदाने तिला असं काही दिलं नव्हतं.

या सगळ्यात मला बिछडी आठवत राहिलं. राजस्थानात उदयपूरजवळचं हे गाव भूजलात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे एच-ॲसिड हे रंग बनवायला लागणारं रसायन तयार करताना निघालेला गाळ आणि सांडपाणी उघड्यावर टाकलं, ते पावसाबरोबर खाली मुरलं आणि विहिरींचं पाणी काळपट-तपकिरी झालं. तिथली माती आणि पाणी तपासायला गेली ती आपल्या नागपूरची नीरी, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था. आसपासच्या गावांतली सुमारे ३५० हेक्टर जमीन बाधित असल्याचं तिने दाखवलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रदूषण करणाऱ्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यायचा. हा निकाल आपण कौतुकाने सांगतो आणि सांगायलाही हवा. पण ३७ कोटींवरची ती रक्कम भरायचं टाळण्यासाठी अर्जांवर अर्ज होत राहिले, आणि ते फेटाळून सव्याज वसुलीचा हुकूम निघेपर्यंत २०११ उजाडलं. उत्पादन बंद पडल्यावर वीसेक वर्षांनी. तिथे निदान कारखाना कोणता, गाळ किती टन, हे कागदावर होतं. आमच्या खड्ड्याचा कागद नाही. टँकरचा नंबर कुणाच्या लक्षात नाही. पुरावा म्हणाल तर तात्याची काठी आणि नमुना बारावरची पड.

दुसऱ्या खेपेला नमुने मी स्वतः घेतले. विहिरीवरची मोटार आधी बराच वेळ चालू ठेवली, म्हणजे साचलेलं पाणी निघून जाऊन झऱ्याचं येईल. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, काठोकाठ भरली, बुडबुडा राहू दिला नाही. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब, नाहीतर लोह वाटेतच बाटलीच्या कडांना बसतं. सेंद्रिय भारासाठीची बाटली बर्फात. यादीत ह्या वेळी रंग होता, लोह-मंगल होते, आणि मी मुद्दाम पालाश घातला होता. काळी माती पालाश धरून ठेवते, आपल्याकडच्या विहिरींच्या पाण्यात तो एरवी अगदी थोडा असतो. तो जास्त निघाला तर मळीकडे बोट दाखवता येतं. तुलनेसाठी खड्ड्याच्या वरच्या अंगाची, टँकर कधीच न गेलेली विहीर घेतली. मातीचंही तसंच केलं. ही तुलना नसेल तर फसायला होतं, कारण आपल्या काळ्या दगडातच क्रोमियम, निकेल, तांबं निसर्गतः जास्त असतं आणि त्यापासून झालेल्या मातीतही ते उतरतं. विदर्भातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर कुणी काही न टाकताच पाणी खारट आहे. सगळ्या वाईट पाण्यामागे गुन्हेगार नसतो. हे मी स्वतःला बजावत होते, कारण मला गुन्हेगार सापडायला हवा होता.

अहवाल आला. पालाश मामाच्या विहिरीत वरच्या विहिरीच्या कित्येक पट, क्लोराइडही चढं, लोह मर्यादेबाहेर, सेंद्रिय भार असायला नको तेवढा. मातीत जड धातूंचं काही वेगळं दिसलं नाही, दोन्हीकडे सारखंच. ही चांगली बातमी होती आणि ती मी पहिल्यांदा सांगितली. मामीने विचारलं, "मग मेथी करायची का न्हाई?" मी म्हटलं, मेथी पाटाच्या पाण्यावर कर, विहिरीच्या नको, आणि प्यायला हे पाणी पुरतं बंद. ती म्हणाली, "एवढंच सांगायचं होतंस की आधी." मामा गप्प होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं की हे खालच्या पट्टीवाल्यांना सांगावं लागेल का. त्यांचा बोअर उताराच्या बाजूला आहे आणि त्यांच्याकडे दोन लहान मुलं आहेत. सांगितलं तर भांडण होईल, जमिनीचा भाव पडेल, पुन्हा आजोबांचं नाव निघेल. मी म्हटलं, सांगावंच लागेल. मामाने मान हलवली नाही, पण संध्याकाळी चप्पल घालून त्या बाजूला निघाला. मी बरोबर येऊ का विचारलं तर नको म्हणाला.

भांडण झालं नाही असं नाही. पण त्यानंतर खालच्या पट्टीवालीच मामीकडे आली, पदराआड प्लास्टिकची बाटली घेऊन. तिच्यामागून आणखी घरं विचारू लागली. आमच्यापण पाण्याचं बघ, फक्त बाटलीवर नाव घालू नको. पोरीचं जमतंय, व्यापारी भाजीला नावं ठेवतील, बँकेचं प्रकरण चालू आहे. प्रत्येकाचं कारण खरं आहे. जमिनीला एकदा डाग लागला की तो माणसालाही लागतो, हे मला शहरात राहून कळलं नसतं. म्हणून नावं लिहीत नाही. नंबर घालते आणि नंबरांची वही मामीच्या पेटीत असते. गट नंबर आणि विहिरीची खोली मात्र मी सोडत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. कोणतं पाणी कुठल्या जागेचं हे माहीत नसेल तर त्या बाटलीचा उपयोग नाही, आणि उद्या कुणाकडे दाद मागायची तर सुरुवात तिथूनच करावी लागेल. काही जण त्यावरून बाटली परत घेऊन गेले. बाकीच्यांचं पाणी मेअखेरीस, विहिरी तळाला गेल्यावर घ्यायचं ठरलंय, आणि पुन्हा एकदा दिवाळीनंतर, पावसाने काय वाहून नेलं आणि काय खाली ढकललं ते बघायला. बाटल्या पुण्याहून मी आणणार आहे. प्रयोगशाळेच्या पैशांसाठी मामाने ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, आणि अर्जाखाली पहिली सही त्याची आहे.